पांढऱ्या काळजाचा पोरगा

रविवारी मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की खाटीक जो तुकडा तराजूत टाकतो तो काळपट तांबडा, गुळगुळीत आणि आकाराच्या मानाने जड असतो. सुरी लावली की रक्त ओघळतं. आता हीच कलेजी दुधासारखी पांढरी आहे असं मनात आणून बघा. इंग्रजीतला ‘लिली-लिव्हर्ड’ हा शब्द नेमकं तेच चित्र उभं करतो. लिली हे पांढरंशुभ्र फूल, लिव्हर म्हणजे यकृत. ज्याचं यकृत लिलीसारखं पांढरं, तो भेकड.

या शब्दाचा सगळ्यात प्रसिद्ध वापर शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये आहे. नाटक साधारण 1606 सालचं. दहा हजारांची फौज चालून आल्याचं सांगायला एक नोकर पोरगा धावत येतो. भीतीने त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. मॅकबेथ त्याच्यावर खेकसतो: तोंडाला टोचून घे, ते जरा लाल होऊ दे, लिली-लिव्हर्ड कुठला!

चेहरा पांढरा म्हणून यकृतही पांढरं, ही शिवी आली कुठून? दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याची शिकवण होती की खाल्लेल्या अन्नाचं रक्त यकृतात तयार होतं. युरोपात ही समजूत पंधराशेच्या आसपास वर्षं टिकली. रक्त म्हणजे ऊब, जोश, हिंमत. तेव्हा ज्याच्या यकृतात रक्त कमी, त्याच्यात धैर्यही कमी. रक्त शरीरात गोल फिरतं हे विल्यम हार्वेने छापलं 1628 साली, म्हणजे ‘मॅकबेथ’नंतर वीस-बावीस वर्षांनी.

आपणही यातून सुटलेलो नाही. ‘काळीज’ आज आपण हृदयाच्या अर्थाने वापरतो, ते धडधडतं असंही म्हणतो. पण शब्दाचं मूळ संस्कृत ‘कालेय’, आणि कालेय म्हणजे यकृत. हिंदीतला कलेजा आणि खाटकाकडची कलेजी त्याच घरातली. वाघाचं काळीज, सशाचं काळीज म्हणताना आपण खरं तर यकृताचीच तुलना करत असतो. ‘जिगरबाज’ घ्या. फारसीत जिगर म्हणजे यकृत, आणि जिगर व संस्कृत ‘यकृत्’ ही एकाच जुन्या मुळाची दोन रूपं. चिनी भाषेत भित्र्या माणसाचं ‘पित्ताशय लहान’ असतं. इतक्या दूरदूरच्या लोकांनी हिंमत बरगड्यांखाली उजव्या बाजूलाच शोधावी, याचं मला फार नवल वाटतं.

आणि शरीर आतून पाहिलं तर हे नवल वाढतच जातं. अंधारात पायाशी काहीतरी सळसळलं की मेंदूतून इशारा सुटतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून चेहरा पांढरा पडतो. तेवढ्यापुरता मॅकबेथ बरोबर होता. यकृताचं काम मात्र याच वेळी सुरू होतं. दीड किलोच्या आसपास वजनाच्या या अवयवात ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते. ती फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शोधली. जेवलेल्या मोठ्या माणसाच्या यकृतात ती 100 ग्रॅमच्या घरात जाते. ॲड्रिनॅलिन पोहोचताच साठ्यातली साखर रक्तात उतरू लागते, पळायला किंवा झुंजायला स्नायूंना बळ मिळावं म्हणून. या सगळ्या तयारीचा अभ्यास अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केला.

साखरेखेरीज यकृतात एरवी सुमारे 450 मिलिलिटर रक्तही मुरलेलं असतं. मोठ्या धक्क्यात तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि त्यातलं काही रक्त हृदयाकडे ढकललं जातं. म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या यकृतात रक्त खरोखरच थोडं कमी होतं! पण ते दिलेलं असतं म्हणून कमी. शूराचं यकृतही त्या क्षणी हेच करतं.

‘हॅम्लेट’मध्ये शेक्सपिअरने आणखी एक शब्द वापरला आहे: कबुतराच्या यकृताचा. कबुतर गरीब, कारण त्याच्यात पित्त नाही, ही तेव्हाची समज. कबुतराला पित्ताशय नसतं हे अगदी खरं आहे. पित्त मात्र बनतं आणि यकृतातून थेट आतड्यात उतरतं. पित्ताशय घोड्यालाही नसतं, आणि माणसाने हजारो वर्षं रणात नेला तो घोडाच.

आजच्या बोलण्यात ‘लिली-लिव्हर्ड’ जुनाट वाटतो. कुणाला हिणवायचं असेल, तेही थोड्या नाटकी थाटात, तरच तो तोंडात येतो. बुजऱ्या मुलासाठी चुकूनही वापरू नये. त्याला ‘टिमिड’ म्हणतात, आणि त्या शब्दात तिरस्कार नाही. सरळ भेकड म्हणायचं तर ‘कावर्ड’. त्याच्या मुळाशी शेपटीचा लॅटिन शब्द आहे. आपल्या ‘शेपूट घालणे’चा जवळचा सोबती.

मॅकबेथच्या त्या पोराकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळते. राजा अंगावर ओरडतोय, चेहऱ्यात रक्ताचा थेंब नाही, बोलणं अर्ध्यावर तोडलं जातंय. तरी तो तिथून हलत नाही. शिव्या संपल्यावर निरोप पुरा करतो: इंग्रजांची फौज आहे, महाराज.