ब्रिटनचा स्पाउस व्हिसा: ऑनलाइन फी भरण्याआधी हे वाचा

लग्न होतं, रजा संपते, जोडीदार लंडनला किंवा लेस्टरला परत जातो. मग एखाद्या शनिवारी तिकडे बसून तोच इकडच्या जोडीदाराला तिथे राहायला नेण्याच्या स्पाउस व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरतो, कार्डाने फी भरतो, आणि व्हिसाची कागदपत्रं तयार करून देणाऱ्या आमच्या ऑफिसात फोन येतो, "अर्ज झालाय, आता कागद तेवढे लावून द्या." कागद लावून देणं हे आमचं कामच आहे. पण कागदांवरच्या तारखा आम्हाला बदलता येत नाहीत आणि अडतं नेमकं तिथेच.

ज्या दिवशी फी भरली, ती अर्जाची तारीख. बायोमेट्रिक्सची, म्हणजे बोटांचे ठसे देण्याची, अपॉइंटमेंट नंतर कधीही असो, मिळकतीचा हिशोब फी भरल्याच्या दिवसापासून मागे मोजतात. तिकडच्या जोडीदाराने एकाच कंपनीत किमान सहा महिने काम केलेलं असावं, त्या सहाही महिन्यांच्या पे-स्लिप असाव्यात, आणि प्रत्येक पगार बँक स्टेटमेंटमध्ये जमा झालेला दिसावा. शेवटची स्लिप आणि शेवटचं स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधीच्या 28 दिवसांतलं हवं.

समजा, नोकरी 1 डिसेंबरला लागली आणि पगार महिनाअखेरीला होतो. 20 मे रोजी फी भरली तर सहा महिने पुरे झालेले नाहीत. "मेची स्लिप आली की जोडू" असं म्हणून भागत नाही, कारण ती अर्जाच्या तारखेनंतरची आहे. दुसरा प्रकार: नोकरी जुनीच आहे, पण फी 29 मे रोजी भरली आणि हाताशी शेवटची स्लिप 30 एप्रिलची. ती 29 दिवस जुनी झाली. दोन-तीन दिवस थांबून मेची स्लिप हाती घेतली असती तर काहीच प्रश्न नव्हता.

फी भरून झाली असेल तर बायोमेट्रिक्स देण्याआधी आम्हाला गाठा. तोवर अर्ज मागे घेतला तर व्हिसाची फी परत मिळते, बोटांचे ठसे दिल्यावर मिळत नाही. आरोग्य अधिभार वेगळा असतो. वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे 33 महिन्यांच्या व्हिसासाठी तीन वर्षं धरून 3,105 पौंड. व्हिसा नाकारला तर तो परत करतात, फी मात्र जाते.

म्हणूनच सगळे कागद टेबलावर येऊन तपासून होईपर्यंत आम्ही फी भरू देत नाही. "बाकीचे एजंट त्याच दिवशी फाइल लावतात," असं काही जण ऐकवतात. लावत असतील. पण नकार आला तर तो प्रत्येक पुढच्या अर्जात लिहावा लागतो, आणि नवं लग्न झालेलं जोडपं आणखी कित्येक महिने एकमेकांपासून लांब राहतं. आठवडाभर थांबलेलं त्यापेक्षा बरं, असं आमचं ठाम मत आहे.

तिकडच्या जोडीदाराची मिळकत किती हवी, हे नेहमी विचारतात. 11 एप्रिल 2024 पासून नव्या अर्जांसाठी किमान मर्यादा वर्षाला 29,000 पौंड आहे, आधी ती 18,600 होती. इकडच्या जोडीदाराचा भारतातला पगार यात धरत नाहीत, मग ती पुण्यात कितीही मोठ्या पदावर असो. बचत मात्र दोघांपैकी कोणाचीही चालते. निव्वळ बचतीवर अर्ज करायचा तर 88,500 पौंडांइतकी रक्कम सलग सहा महिने खात्यात हवी. एफडी लगेच मोडता येणारी असेल तर चालते, मोडताना दंड बसला तरी हरकत नाही. सोनं, फ्लॅट, गावची जमीन धरत नाहीत. काकांकडून उसने घेऊन आठवडाभर खात्यात ठेवलेले पैसेही नाहीत. तशी फाइल आम्ही घेत नाही.

हे सगळं लागू होतं ते जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी असेल तर. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर तुमचा अर्ज डिपेंडंटचा, त्याचे नियम वेगळे आणि इंग्रजीची परीक्षाही नाही. आणि नवरा किंवा बायको एक वर्षाच्या नेहमीच्या एमएससीला जाणार असेल, तर 1 जानेवारी 2024 पासून सुरू झालेल्या अशा अभ्यासक्रमांवर जोडीदाराला नेता येत नाही. याची चौकशी लग्नाची तारीख काढण्याआधी करा.

इंग्रजीची A1 (प्राथमिक पातळीची) परीक्षा ब्रिटनच्या मान्य यादीतलीच हवी. साधं आयईएलटीएस चालत नाही, त्यात 8 बँड असले तरी. "आयईएलटीएस लाइफ स्किल्स A1" असं नाव बघून नोंदणी करा. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं पत्र घेऊन परीक्षा टाळता येते. टीबीची तपासणी मान्य दवाखान्यातच होते, कोपऱ्यावरच्या लॅबचा एक्स-रे धरत नाहीत. तिचा दाखला सहा महिने चालतो, तेव्हा फार आधीही करू नका.

विवाह नोंदणीचा दाखला महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा हवा, मंगल कार्यालयाची पावती किंवा भटजींचं पत्र नव्हे. नोंदणी राहिली असेल तर आधी ती करा: पती-पत्नी, तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या लागतात, आणि पुरोहित नंतर सापडणं अवघड होतं. लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव घालायला घाईने पासपोर्ट बदलू नका. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, फक्त अर्जातलं नाव त्याच्याशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. कागद फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, ते आम्ही करून देतो.

पहिल्या भेटीला दोघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि तिकडच्या सहा महिन्यांच्या पे-स्लिप घेऊन या. मोबाइलवर असल्या तरी चालतील. पगार दरमहा कमीजास्त होत असेल, नोकरी नुकतीच बदलली असेल किंवा पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. अशा गुंतागुंतीच्या प्रकरणांत आम्ही तुम्हाला ब्रिटनमधल्या नोंदणीकृत सल्लागाराकडे किंवा सॉलिसिटरकडे जायला सांगतो आणि इकडची कागदपत्रं सांभाळतो. तारखा जुळवून कोणत्या दिवशी फी भरायची हे आम्ही लिहून देतो. तोपर्यंत तिकडच्या जोडीदाराला कार्ड बाजूला ठेवायला सांगा.