पट्टीवरच बसलेली हातोडी

पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. खरा पेच मात्र आघातानंतरचा आहे. हातोडी पट्टीशी कायमची जोडलेली असती, तर वादकाचे बोट पट्टीवर असेपर्यंत ती तारेला दाबून बसली असती आणि तारेचे कंपन सुरू होताक्षणीच मेले असते. मधल्या सप्तकांत हातोडी आणि तार यांचा स्पर्श सेकंदाच्या काही हजारांश भागापुरताच टिकतो, आणि वरच्या स्वरांत तर त्याहूनही कमी. झोपाळ्याला धक्का देणारा हात जसा धक्का देऊन सुटला पाहिजे, तसा पट्टीचा जोरही तार अगदी जवळ आली असताना हातोडीपासून सुटला पाहिजे. शेवटचे अंतर हातोडीने स्वतःच्या वेगावर कापायचे असते. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास हा प्रश्न सोडवला आणि पियानो जन्माला आला. त्याने बनवलेले तीन पियानो आजही शिल्लक आहेत. ते 1720, 1722 आणि 1726 या सालांतले आहेत.

त्यानंतर या सुटकेच्या दोन वेगळ्या वाटा निघाल्या. इंग्लंड आणि फ्रान्समधील कारागिरांनी हातोड्या पट्ट्यांपासून अलग, एका स्वतंत्र आडव्या दांडीवर बसवल्या, आणि पट्टीने त्यांना खालून ढकलायचे अशी रचना केली. एरार्ड घराण्याने 1821 मध्ये याच रचनेत दुहेरी सुटकेची, म्हणजे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येण्याची, भर घातली, आणि आजचे जवळजवळ सर्व ग्रँड पियानो त्याच वाटेवरचे आहेत. दुसरी वाट दक्षिण जर्मनीतील आउग्सबुर्गच्या योहान आंद्रेआस श्टाइन याची. त्याच्या पियानोंतील सुटकेच्या कळीचे, म्हणजे आतल्या यंत्ररचनेचे, मोझार्टने 1777 मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात मनापासून कौतुक केले होते. श्टाइनची कन्या नानेट श्ट्रायखर 1794 मध्ये हा व्यवसाय व्हिएन्नाला घेऊन गेली, म्हणून या रचनेला व्हिएन्नी कळ म्हणतात. संगीतकार ब्राम्सच्या घरी असलेला 1868 चा श्ट्रायखर पियानो याच जातीचा होता, आणि ब्योझेनडोर्फर कारखाना 1909 पर्यंत अशी कळ बनवत होता.

व्हिएन्नी कळीचे वैशिष्ट्य असे की हातोडी थेट पट्टीवरच बसलेली असते. पट्टीच्या मागच्या टोकाकडे एक छोटा पितळी चिमटा असतो. त्याच्या दोन बाहूंच्या आतील बाजूस बारीक खळगे असतात आणि हातोडीच्या आडव्या आसाची टोके त्या खळग्यांत टेकलेली असतात. हातोडीचे डोके वादकाकडे आणि शेपूट वाद्याच्या आत, म्हणजे आधुनिक पियानोच्या नेमके उलट. शेपटाला चोचीसारखा आकार असतो. पट्ट्यांच्या मागे एका ओळीत, प्रत्येक पट्टीसाठी एक, असे छोटे लाकडी अडसर उभे असतात; ते चामड्याच्या किंवा चर्मपत्राच्या बिजागरीवर झुलतात आणि बारीक स्प्रिंग त्यांना पुढे रेटून धरते. बोटाने पट्टीचे पुढचे टोक खाली जाते, मागचे वर उचलले जाते, त्याच्याबरोबर चिमटा आणि हातोडी वर जाऊ लागतात; पण चोच अडसराच्या खाचेखाली अडकलेली असल्याने तिला वर जाता येत नाही. आस वर आणि शेपूट अडलेले, म्हणून डोके झपाट्याने वर उसळते. हातोडी फिरते तशी चोचही वर्तुळाकार मार्गाने सरकत खाचेतून निसटते आणि हातोडी मोकळी होते. पट्टी परत येताना चोच अडसराला मागे ढकलून खाली उतरते, आणि स्प्रिंग अडसराला पुन्हा जागेवर आणते. इतक्या थोड्या भागांत इतके काम करणारी यंत्ररचना मला तरी वाद्यांच्या जगात दुसरी आढळलेली नाही.

गोव्यात सासष्टी आणि बार्देश या तालुक्यांतील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत पियानो दिसणे नवलाचे नाही; पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई आणि सुखवस्तू घरांत वाद्यही येई. मडगावजवळच्या एका घरातील सात सप्तकांचा, 85 पट्ट्यांचा व्हिएन्नी पियानो खोलून पुन्हा जोडला जात असताना मला ते काम जवळून पाहता आले. काम करणारे मास्तर मूळचे फोंड्याचे, भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली, आणि पियानोचे काम त्यांनी पुढे शिकून घेतलेले. पेटीत पट्टी फक्त हवेची वाट उघडते. इथे मात्र प्रत्येक पट्टी आपली हातोडी अंगावर वागवते, हे त्यांनी घरच्या मुलांना आधी समजावून सांगितले आणि मगच स्क्रूला हात लावला.

पहिला धोका कळ बाहेर ओढतानाच असतो. पट्ट्यांपुढील लाकडी फळी आणि दोन्ही बाजूंचे ठोकळे काढले की संपूर्ण चौकट पुढे सरकवून बाहेर काढता येते. पण त्या वेळी एखादी पट्टी चुकून जरी दाबली गेली तरी तिची हातोडी वर उठते, पुढच्या आडव्या लाकडाला अडकते आणि तिचा बारीक दांडा मोडतो. म्हणून चौकट दोन्ही कडांना धरून, पट्ट्यांना बोट न लावता ओढायची असते. चौकट टेबलावर आली की पट्ट्या एकेक करून खिळींवरून सरळ वर उचलल्या जातात आणि प्रत्येकीबरोबर तिची हातोडीही येते.

“नंबर आधी, साफसफाई मागाहून,” असे मास्तरांचे सांगणे होते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मूळ कारागीर पट्ट्यांवर क्रमांक घालत असत, पण शाई पुसट होते आणि मागच्या एखाद्या दुरुस्तीत क्रम बिघडलेलाही असू शकतो. त्यामुळे पट्टी, हातोडी, अडसर आणि स्प्रिंग यांना नव्याने, एकच क्रमांक द्यावा लागतो. खालच्या स्वरांच्या हातोड्या जड आणि वरच्या हलक्या असतात, हा त्यातला उघड भाग झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक चोचीवरील चामडे तिच्याच अडसराच्या खाचेशी शतकभर घासून बसलेले असते. शेजारची हातोडी त्या जागी ठेवली तर ती बसते, चालतेही, पण सुटण्याची जागा बदलते.

पितळी चिमट्यातून हातोडी काढण्यासाठी त्याचे बाहू केसभर फाकवायचे असतात; जास्त फाकवले तर पितळेची लवचीकता संपते आणि आस कायमचा सैल होतो. समुद्राजवळच्या खाऱ्या दमट हवेत पितळेवर हिरवट थर धरतो, तोही खळग्यात, म्हणजे जिथे घर्षण सर्वांत कमी असायला हवे नेमका तिथे. तो टोकदार लाकडी काडीने आणि किंचित स्पिरिटने काढावा. पॉलिश पेपरने खळगा मोठा होतो, आणि मग हातोडी डावी-उजवीकडे डुलू लागते.

लाकडाचे जोड जुन्या काळी सरसाने केलेले असतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतील प्रथिन. ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा मऊ होतो, त्यामुळे मोडलेला जोड लाकडाला इजा न करता सोडवता येतो. आजचा पांढरा गोंद लावायला सोपा, पण तसा सहज सुटत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीत लाकूडच फाटते. याच कारणाने मला अशा वाद्यात नव्या गोंदाचा वापर अन्यायाचा वाटतो. गोव्यात सरसाला बुरशीचा त्रास होतो हे खरे, पण त्याला उपाय घरात हवा खेळती ठेवण्याचा आहे.

आता लाकडाविषयी. लाकूड हवेतील ओल शोषून तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीत जवळजवळ बदलत नाही. हिवाळ्यात लाकडात अंदाजे 11 टक्के ओल असेल, तर पावसाळ्यात ती 18 ते 19 टक्क्यांपर्यंत चढू शकते, आणि तेवढ्या फरकाने 20 मिलिमीटर रुंद पट्टी पाव मिलिमीटरपासून 0.4 मिलिमीटरपर्यंत फुगते. जुलैत शेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासू लागल्या म्हणून कोणी त्या तासल्या, तर जानेवारीत त्या सैल होऊन खडखडतात. पट्टीची उंची आणि खालच्या चौकटीची जाडीही अशीच बदलते, आणि त्याबरोबर चोच व अडसर यांच्यातील उभे अंतर सरकते.

हे अंतर किती मोलाचे, ते साध्या गणिताने पाहता येते. हातोडी तारेपासून 2 मिलिमीटरवर सुटली असे धरू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 2 मिलिमीटर वर चढण्यासाठी सुटताना वेग निदान सेकंदाला 20 सेंटिमीटर हवा; त्याहून कमी असेल तर हातोडी तारेला न शिवताच परत पडेल. सुटण्याची जागा 4 मिलिमीटरवर गेली तर किमान वेग सुमारे 28 सेंटिमीटर लागतो, आणि 1 मिलिमीटरवर आणली तर 14 पुरतो. जोरात वाजवताना हातोडी सेकंदाला काही मीटर वेगाने जाते, तेव्हा हा फरक कळतही नाही. पण मृदू वादनात एक स्वर उमटतो आणि शेजारचा गप्प राहतो. मग अंतर अगदी कमी का ठेवू नये? कारण आघातानंतर तार स्वतः वरखाली हलते, आणि ओलीने लाकूड थोडे जरी फुगले तरी चोच सुटायच्या आधीच हातोडी तारेला भिडून तिथेच दाबली जाते.

म्हणून जोडणीचा खरा वेळ इथेच जातो. पट्ट्या क्रमाने खिळींवर बसवून आधी त्यांची पातळी सारखी करायची, मग हातोड्या तारांच्या बरोबर खाली येतात का ते पाहायचे, आणि त्यानंतर प्रत्येक अडसराचा कल किंचित बदलत सुटण्याची जागा जुळवायची. पातळी बदलली की सुटण्याची जागाही बदलते, त्यामुळे हा क्रम उलटा करता येत नाही. अडसराची स्प्रिंग फार ताठ असेल तर परतणारी चोच वरच अडकते. फार सैल असेल तर जलद वादनात अडसर वेळेवर जागेवर येत नाही आणि दुसरा आघात फुकट जातो. व्हिएन्नी कळीत पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय चोच खाचेखाली जात नाही. एरार्डच्या दुहेरी सुटकेने हीच उणीव भरून काढली. या वाद्यावर तोच स्वर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवण्याला मर्यादा आहे, आणि स्प्रिंग कितीही जुळवली तरी ती पूर्णपणे जात नाही.

हातोडीवरचे चामडे कडक झाले असले तरी शाबूत असेल तर ते राहू द्यावे, असे माझे ठाम मत आहे. आधुनिक जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी जड असते; ती तारेला जास्त वेळ चिकटून राहते आणि उंच उपस्वर दाबून टाकते, शिवाय तिचे वजन या नाजूक चिमट्यासाठी नाहीच. नवे चामडे लावावेच लागले, तर जुन्या हातोडीचे वजन आधी नोंदवून नवी तितक्याच वजनाची करावी. मडगावच्या त्या वाद्यात सुटण्याची जागा मास्तरांनी फेब्रुवारीत सर्वत्र 3 मिलिमीटर धरली. पावसाळ्यात लाकूड फुगले तरी हातोडी तारेवर अडकू नये, एवढी ती मोकळीक आहे. ऑगस्टमध्ये प्रत्येक सप्तकातील दोन पट्ट्यांवर ती पुन्हा मोजून पुढची जुळणी ठरणार आहे.