रक्त पातळ करणारी गोळी आणि आगरातला जंत

पावसाने उघडीप दिली की सकाळी आगरात एक फेरी ठरलेली. पडलेले नारळ उचलायचे, झावळ्या ओढून कडेला करायच्या. चप्पल चिखलात रुतते म्हणून पायरीवरच राहते. दोन वर्षांपूर्वी बायपास झालेले आजोबाही त्याला अपवाद नाहीत. गोळ्या वेळेवर, जेवणात मीठ कमी, आणि पाय अनवाणी.

अंकुशकृमी (हुकवर्म) हा आतड्यात राहणारा जंत. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत येतात. ओल, ऊब आणि सावली मिळाली की एकदोन दिवसांत फुटतात आणि साधारण आठवड्याभरात अळी कातडीतून शिरण्याजोगी होते. तुडुंब पाण्यात तिचे फारसे चालत नाही. म्हणजे पाण्याने भरलेल्या कुणग्यापेक्षा (भातखाचरापेक्षा) पोफळीखालची रेताड, ओलसर माती तिला जास्त मानवते. अळी शिरल्यावर पायाला खाज सुटली तरी घरात निदान ठरलेले, ‘चिखल्या झाल्यात’. बोटांच्या बेचक्यात असेल तर बहुतेकदा ते खरेही असते. चिखल्या बुरशीने होतात.

आत शिरलेली अळी रक्तातून हृदयाच्या उजव्या बाजूला पोचते, तिथून फुप्फुसात, मग घशाशी येऊन गिळली जाते आणि लहान आतड्यात मुक्काम ठोकते. वाटेत हृदयाला ती धक्का लावत नाही. खरी गोम आतड्यात आहे. तिथे ती रक्त पिते आणि जखम वाहती राहावी म्हणून रक्त गोठू न देणारी प्रथिने सोडते. गंमत म्हणजे कुत्र्याच्या अंकुशकृमीतले असेच एक प्रथिन हृदयरुग्णांसाठी औषध म्हणून तपासून झाले आहे! आजोबा तर रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन आधीच घेतात, आणि तिनेही पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

अंकुशकृमीच्या माणसात आढळणाऱ्या दोन जातींपैकी नेकेटर जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलीलिटर रक्त घालवतो. असे शंभर असले तर रोज ३ मिलीलिटर, महिन्याला ९०. ॲन्सिलोस्टोमा जातीचा याच्या पाचपट तरी. धडधाकट माणूस हे बरेच दिवस खपवून घेतो. पण रक्त कमी झाले की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त राबावे लागते, आणि आजारी हृदयाकडे तेवढी ताकद शिल्लक नसते. मग चढण चढताना धाप, धडधड, पायावर सूज. सगळी लक्षणे हृदयाचीच वाटतात, म्हणून जंताची शंका कुणाला येत नाही.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांसाठी असते. आजोबा त्या हिशोबात बसत नाहीत. धाप वाढली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) आणि शौचाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आपणच विचारावे. शौच डांबरासारखे काळे झाले तर त्याच दिवशी दाखवावे. पण रक्त पातळ करणारी गोळी मनानेच बंद करू नये, स्टेंट असेल तर मुळीच नाही.

जंत अल्बेंडाझोलने जातात. गेलेले लोह भरून यायला मात्र महिने लागतात, आणि हृदय कमजोर झालेल्यांना ते गोळीतून नीट लागू पडत नाही. बऱ्याचदा शिरेतून द्यावे लागते.