तळजीवसृष्टी, नागपूर परिसरातील

समुद्र, खाडी, नदी किंवा तलाव यांच्या तळावर, तळातील गाळात आणि तळाशी असलेल्या दगड, शिंपले व वनस्पती यांना चिकटून राहणाऱ्या सजीवांच्या समूहाला तळजीवसृष्टी किंवा बेंथॉस म्हणतात. ही संकल्पना मुख्यतः किनारी समुद्राच्या अभ्यासातून आकाराला आली. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही येथील आंतर-ट्रॅपी (लाव्ह्याच्या दोन प्रवाहांदरम्यान साचलेल्या) थरांतील जीवाश्म हे एका प्राचीन जलतळाचे अवशेष असून समुद्राचे पाणी मध्य भारतात कधी शिरले होते काय, या वादात त्यांचा दाखला दिला जातो. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्याचाच परामर्श घेतला आहे.

किनारी समुद्रतळाचा अभ्यास : विसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कमधील सी. जी. जोहानेस पीटरसन यांनी ठरावीक क्षेत्रफळाचा गाळ उचलणारा यांत्रिक पंजा वापरून तळावरील प्राण्यांची मोजदाद केली. त्यामुळे कोणत्या प्रकारच्या गाळात कोणते प्राणी एकत्र राहतात, हे आकडेवारीने मांडता येऊ लागले. गाळ चाळणीतून धुऊन साधारणतः ०.५ मिमी.च्या चाळणीवर राहणाऱ्या प्राण्यांना स्थूल तळजीव म्हणतात. काही अभ्यासक १ मिमी.ची चाळणी वापरतात. चाळणीतून खाली जाणाऱ्या बारीक गाळात सूत्रकृमी, फोरॅमिनीफेरा (कवचधारी एकपेशीय सजीव) व ऑस्ट्रॅकोडा (द्विपुटी कवचाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी) सापडतात. बहुतेक तळजीव फार दूर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे पाण्याची क्षारता, ऑक्सिजन आणि प्रदूषण यांतील बदल त्यांना जागच्या जागीच सोसावे लागतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात व त्यानंतर खालचे कमी ऑक्सिजनयुक्त पाणी वर सरकते. अशा पाण्याखाली नाजूक जाती कमी होतात आणि काही बहुरोमी कृमींसारखे तग धरणारे प्राणी उरतात. या विषयावरील भारतीय संशोधनाचे प्रमुख केंद्र गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) हे आहे. तळजीवांवरून पाणी ओळखण्याची हीच रीत भूवैज्ञानिक उलट दिशेने वापरतात : पाणी नाहीसे झालेले असते, तळ मात्र दगड होऊन उरलेला असतो.

नागपूरचे थर : नागपूर शहर दख्खन ट्रॅपच्या (लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्ट खडकांच्या विस्तृत प्रदेशाच्या) पूर्व सीमेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस बेसाल्ट, तर पूर्वेस त्याहून कितीतरी जुने खडक आढळतात. लाव्ह्याचे दोन प्रवाह वाहण्याच्या मधल्या काळात जे तलाव व दलदली निर्माण झाल्या त्यांत साचलेल्या गाळाचे चर्ट, चुनखडक व चिकणमातीचे पातळ थर बनले. ते सीताबर्डीची टेकडी, टाकळी, गिट्टीखदान इ. ठिकाणी आढळले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) हे १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी या थरांतील शंख-शिंपले, मासे, कीटक व वनस्पती यांचे जीवाश्म जमविले आणि १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर निबंध प्रसिद्ध केला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी शंख-शिंपल्यांचे स्वतंत्र वर्णन केले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ बोरी नदी ओलांडताना त्यांचा बुडून मृत्यू झाला.

या थरांतील सर्वांत परिचित शंख फायसा प्रिन्सेपी होय. त्याचे नामकरण सॉवर्बी यांनी १८४० मध्येच केले होते. त्याच्या जोडीला पॅल्युडिना, लिम्निया व युनिओ हे मृदुकाय प्राणी, सिप्रिस हा ऑस्ट्रॅकोड आणि कारा-गटातील शैवलांचे अवशेष येतात. फायसा व लिम्निया हे फुप्फुसाने हवा घेणारे, उथळ व संथ गोड्या पाण्यातले शंख आहेत. प्रवाळ, समुद्री अर्चिन किंवा शीर्षपाद प्राणी असा खास सागरी गट नागपूरच्या थरांत नाही. हिस्लॉप यांनीही आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या थरांतील शिंपले खाडीच्या पाण्याचे आणि नागपूरचे तलावाचे, असा भेद केला होता. हा भेद आजही ग्राह्य धरावा असा आहे.

समुद्राचा वाद : वादाचे मूळ नागपुरात नसून उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथील मोहगाव कलाँ येथे निपा या ताडवर्गीय वनस्पतीच्या फळांचे जीवाश्म मिळाले. निपा आज खाडीकाठच्या खारफुटीत वाढते. त्यामुळे समुद्राची एखादी चिंचोळी शाखा जवळपास असावी, असा तर्क वनस्पतिजीवाश्मांच्या अभ्यासकांनी केला. याच ठिकाणी लाल शैवलांचे सागरी प्रकार आढळल्याचेही पुढे नमूद झाले. १९८०च्या दशकात अशोक साहनी यांनी नर्मदा व गोदावरी खोऱ्यांना जोडणाऱ्या सामुद्रधुनीची कल्पना मांडली. २००९ मध्ये गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातीलच झिलमिली येथील आंतर-ट्रॅपी थरांतून तरंगत्या फोरॅमिनीफेरांची नोंद केली आणि ते पॅलिओसीन कालखंडाच्या आरंभीचे, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर लगेचचे ठरविले. त्यांच्या मते मोठा सागरी मार्ग त्या काळी मध्य भारतापर्यंत पोचला होता.

या पुराव्याचे वजन करताना काही गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. निपाची फळे पाण्यावर तरंगतात, त्यामुळे ती जेथे सापडली तेथेच वाढली असे निश्चित म्हणता येत नाही. झिलमिलीचे फोरॅमिनीफेरा तरंगणारे आहेत. तळजीवांप्रमाणे ते त्या तळाचे रहिवासी नव्हेत. तथापि त्यांच्यासोबत मचूळ पाण्यातले ऑस्ट्रॅकोड मिळाल्यामुळे तो पुरावा बराच बळकट होतो. त्या थराच्या खाली-वर मात्र गोड्या पाण्याची व दलदलीची लक्षणे आहेत. गिट्टीखदान व इतर काही आंतर-ट्रॅपी स्थळांवरून पाकट माशांचे दात नोंदविले गेले असले, तरी पाकटांच्या काही जाती आजही नद्यांतून खूप आतपर्यंत जातात. एकूण विचार करता झिलमिलीपर्यंत खाऱ्या पाण्याचा अल्पकाळ शिरकाव झाला असणे संभवनीय वाटते. परंतु त्यावरून नागपूरचा तळ सागरी ठरत नाही. येथे तळाशी प्रत्यक्ष राहणारे प्राणी गोड्या पाण्याचीच साक्ष देतात.

काळ : हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक (डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या) कालखंडाचे मानले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ब्लॅनफर्ड यांचा कल क्रिटेशसकडे, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाकडे होता. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये वनस्पतींच्या आधारे पुन्हा तृतीयकाची बाजू घेतली. टाकळी येथील परागकण व डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे पाहता तेथील थर क्रिटेशसच्या अखेरचे, सुमारे ६.६ ते ६.७ कोटी वर्षांपूर्वीचे असावेत. सर्व आंतर-ट्रॅपी थर एकाच वयाचे नाहीत. त्यामुळे टाकळीचा निष्कर्ष झिलमिलीला किंवा झिलमिलीचा टाकळीला लावू नये. जुन्या लिखाणातील बराच गोंधळ यातूनच झाला आहे.

टाकळी व गिट्टीखदान हे भाग आता शहरात मिसळले असून वस्ती व बांधकामाखाली जुने उघडे थर झाकले गेले आहेत. उरलेल्या थरांचे जतन तातडीने व्हायला हवे, कारण पाणी गोडे की खारे हा निर्णय अखेर जागेवरच्या थराच्या क्रमावर अवलंबून असतो. पेटीतला सुटा शंख तो क्रम सांगू शकत नाही.

हिस्लोपिया : हिस्लॉप यांच्या नावाचा एक जिवंत तळजीवही आहे. एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लोपिया लॅकस्ट्रिस या शेवाळी प्राण्याचे (ब्रायोझोआ) वर्णन केले. हा प्राणी पाणवनस्पती, दगड व शिंपल्यांवर चपट्या पापुद्र्यासारखा पसरतो. गोड्या पाण्यातील बहुतेक ब्रायोझोआ ज्या वर्गातील आहेत त्यात हा मोडत नाही. त्याचे बहुसंख्य नातलग समुद्रात राहतात. प्रतिकूल काळात टिकणारे स्टॅटोब्लास्ट नावाचे कवचयुक्त अंकुर गोड्या पाण्यातील त्या वर्गाचे वैशिष्ट्य असून हिस्लोपियात ते नसतात. सागरी कुळातील प्राणी गोड्या पाण्यात आला, एवढ्यावरून त्या ठिकाणी पूर्वी समुद्र होता असे मात्र सिद्ध होत नाही. अशा जाती नद्यांच्या मुखांतून हळूहळू आत सरकल्या असाव्यात.

सद्यस्थिती : विदर्भातील तलाव व नद्यांच्या तळाशी आज लॅमेलिडेन्स शिंपले आणि बेलामिया व मेलॅनॉइडिस हे शंख सामान्यतः आढळतात. बेलामिया हा आंतर-ट्रॅपी थरांतील पॅल्युडिनाच्याच कुलातील आहे. सांडपाणी मिसळलेल्या, ऑक्सिजन कमी झालेल्या गाळात मात्र ट्युबिफेक्ससारखे कृमी व कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या यांचे प्राबल्य होते. नागपुरातील मध्यवर्ती संग्रहालयाची (अजबबंगला) स्थापना १८६३ मध्ये झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय शहरातील सेमिनरी हिल्स भागात आहे.