‘अंकल टॉम्स केबिन’: पुस्तकातला टॉम आणि रंगमंचावरचा टॉम

टॉम या गुलामाची गोष्ट सांगणाऱ्या या अमेरिकी कादंबरीचे मूळ १८५०च्या फरार गुलाम कायद्यात आहे. पळून आलेल्या गुलामाला आसरा दिला तर १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे. वर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर आणि सोडला तर ५ डॉलर मिळत. हॅरिएट बीचर स्टोव यांनी ५ जून १८५१ पासून वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल एरा’ या साप्ताहिकात लिखाण सुरू केले. तीन-चार हप्त्यांत आटोपणारी गोष्ट १ एप्रिल १८५२ पर्यंत लांबली. शेवटचा हप्ता छापून येण्याआधीच, २० मार्चला, बॉस्टनच्या जॉन जुएट यांनी ती दोन खंडांत बाजारात आणली.

वर्षभरात अमेरिकेत सुमारे ३ लाख प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये १० लाखांच्या वर गेल्या, पण त्यातल्या बहुतेक बिनपरवाना. तिथल्या पाच लाखांहून अधिक स्त्रियांच्या सह्यांचे गुलामगिरीविरोधी आवाहन २६ खंडांत बांधून स्टोव यांना देण्यात आले. उलट मेरीलँडमध्ये सॅम्युएल ग्रीन या स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला १८५७ साली हे पुस्तक घरात सापडले म्हणून दहा वर्षांची शिक्षा झाली. पुस्तकाचा वचक मोजायचा तर हा पुरावा लिंकनच्या त्या प्रसिद्ध उद्गारापेक्षा भक्कम. ‘हीच का ती युद्ध पेटवणारी छोटीशी बाई’ हे यादवी युद्ध आणि स्टोव यांच्याबद्दलचे वाक्य दोघांच्या भेटीनंतर काही दशकांनी छापील मजकुरात दिसते. त्या काळची नोंद नाही.

नाटकाची कहाणी मात्र कायद्याच्या फटीतून सुरू होते. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात कादंबरीकाराला नाट्यरूपांतराचा हक्क नव्हता. भाषांतराचाही नव्हता: १८५३ साली फिलाडेल्फियातल्या जर्मन अनुवादाविरुद्ध स्टोव कोर्टात गेल्या आणि हरल्या. टॉम आणि खोडकर गुलाम मुलगी टॉप्सी ही पात्रे आता सर्वांचीच झाली, असे न्यायाधीश ग्रियर यांनी म्हटले. रूपांतराचा हक्क राखून ठेवण्याची सोय १८७०च्या कायद्याने झाली, तोवर फार उशीर झाला होता. गायक आसा हचिन्सन यांनी नाटकाची परवानगी मागितली तेव्हा स्टोव यांनी नकार दिला होता. एका चांगल्या नाटकामागे पाच वाईट येतात, भाविक घरातली मुले नाट्यगृहाकडे वळतील, ही त्यांची धास्ती. नकाराला कायद्याचा आधार नसल्याने त्याचा उपयोग शून्य.

जॉर्ज एकेन यांचे रूपांतर सप्टेंबर १८५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी आले. टॉमच्या मालकाची लहानगी मुलगी इव्हा, तिच्या भूमिकेत नाटक मंडळीचे व्यवस्थापक जॉर्ज हॉवर्ड यांची चार वर्षांची कॉर्डेलिया, टॉप्सीच्या भूमिकेत तिची आई. आधी प्रयोग इव्हाच्या मृत्यूवर संपायचा; पुढचा भाग नंतर लिहून सहा अंकी नाटक जुळवले गेले. जेमतेम ३० हजार वस्तीच्या गावात १०० रात्री! जुलै १८५३ पासून न्यूयॉर्कच्या नॅशनल थिएटरमध्येही ते जोरात चालले. एरवी मुख्य नाटकाला प्रहसनाची जोड लागे, इथे हे एकटेच संध्याकाळभर पुरले.

फरक शेवटात बघावा. कादंबरीत इव्हाचा बाप सेंट क्लेअर दोन दारुड्यांचे भांडण सोडवताना भोसकला जातो, आणि टॉमला मारणारा त्याचा पुढचा, क्रूर मालक लेग्री कायद्याच्या हाती लागत नाही. लेखिकेचा मुद्दाच तो: कायदा मालकाच्या बाजूचा आहे. एकेनच्या नाटकात सेंट क्लेअरला लेग्रीच मारतो, मग मार्क्स हा वकील वॉरंट घेऊन येतो आणि प्रतिकार करणाऱ्या लेग्रीला गोळी घालतो. प्रेक्षकांना न्याय मिळाल्याचे समाधान मिळते, मुद्दा मात्र तिथेच मरतो. शेवटच्या देखाव्यात सोनेरी ढगांत पांढऱ्या कबुतराच्या पाठीवर बसलेली इव्हा, खाली गुडघे टेकलेले टॉम आणि सेंट क्लेअर, आणि सावकाश पडणारा पडदा. बॉस्टनच्या कॉनवे यांच्या रूपांतरात तर टॉम वाचतोच. तेच रूपांतर १८५३ साली करमणुकीचा धंदा करणाऱ्या बार्नमच्या न्यूयॉर्कमधल्या संग्रहालयात लागले.

पुढे फिरत्या मंडळ्यांनी दोन टॉप्सी, दोन मार्क्स असा दुप्पट मसाला भरला. मुलाला घेऊन पळणाऱ्या एलायझा या गुलाम स्त्रीमागे लागणारी शिकारी कुत्री ही १८७०च्या दशकातली रंगमंचीय भर, कादंबरीतल्या ओहायो नदीच्या प्रसंगात ती नाहीत. टॉमही बदलला. पुस्तकात तो रुंद छातीचा, लहान मुलांचा बाप. दुसऱ्या गुलामाला चाबूक मारायला नकार देणारा, पळालेल्या कॅसी आणि एमेलिन या गुलाम स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मरणारा. रंगमंचावर त्याचा पिकल्या केसांचा, वाकलेला, हात जोडणारा म्हातारा झाला, आणि तोही बहुधा काळा रंग फासलेला गोरा नट. गंभीर प्रयोगात ही भूमिका कृष्णवर्णीय सॅम लुकास यांना मिळाली ती १८७८ साली.