दिसतं तिथवर जाता येत नाही

व्हॉयेजर-१ हे अवकाशयान सप्टेंबर १९७७मध्ये निघालं. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. या वेगाने तिथे पोचायला ७५ हजार वर्षं लागतील. ताऱ्यांकडे जाण्याची चर्चा नेहमी इथेच, वेगापाशी अडते. पण तो प्रश्न सुटला असं घटकाभर धरून चालू. खरी मेख पुढे आहे.

समजा, पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्याच त्वरणाने अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत आणि उरलेल्या वाटेत तसाच कमी करत जाणारं यान आपण बांधलं. आतल्या माणसांना वजन घरच्यासारखंच जाणवेल. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक अवाढव्य समूह, २५ लाख प्रकाशवर्षं दूर, पण सापेक्षतेच्या कृपेने यानातल्या घड्याळात जेमतेम २८ वर्षं सरतील. पंचविशीत निघालेली मुलगी त्रेपन्नाव्या वर्षी तिथे उतरेल. इकडे पृथ्वीवर २५ लाख वर्षं उलटलेली, त्यामुळे सुखरूप पोचल्याचं कळवायचं कोणाला? इंधनाचं तर विचारूच नका. तरीही निसर्गनियम या प्रवासाच्या आड येत नाही.

आड येतं ते विश्वाचं प्रसरण. दोन दीर्घिकांमधलं अंतर वाढण्याचा वेग दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७० किलोमीटरच्या आसपास आहे. सुमारे १४ अब्ज प्रकाशवर्षांवर हाच हिशेब प्रकाशाच्या वेगाला गाठतो. यात आइन्स्टाइनचा नियम मोडत नाही. प्रकाशाला मागे टाकण्याची बंदी अवकाशातून धावणाऱ्याला आहे, खुद्द अवकाशाच्या ताणण्याला नाही.

एवढ्यानेही वाट बंद झाली नसती. प्रसरण पुरेसं मंदावत गेलं असतं, तर चिकाटीच्या प्रवाशाला कुठलीही दीर्घिका कधी ना कधी गाठता आली असती. पण १९९८मध्ये सोल पर्लमटर आणि ब्रायन श्मिट यांच्या गटांनी (ॲडम रीस श्मिट यांच्या गटातले) दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांच्या, निरीक्षणांवरून दाखवलं, की प्रसरणाचा वेग उलट वाढतोय. कारण म्हणून जिचं नाव घेतात ती डार्क एनर्जी म्हणजे नेमकं काय, हे अजून कोडंच आहे. तिचा परिणाम मात्र मोजता येतो: आज निघालेला प्रकाशकिरणसुद्धा, आजच्या अंतरात मोजलं तर, १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडची दीर्घिका कधीच गाठू शकत नाही.

आणि आपल्याला दिसतं किती? चहूबाजूंनी सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंतचं. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका आज जवळपास ३४ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. आपल्यापर्यंत आलाय तो तिचा साडेतेरा अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश. आज ती जे पाठवतेय ते इथे कधीच पोचणार नाही. घनफळाचा हिशेब केला तर दृश्य विश्वातला ९५ टक्के भाग असाच, नुसता बघण्यापुरता.

उरलेला वाटाही निघायला उशीर होईल तसा घटतोय. शंभर-दीडशे अब्ज वर्षांनी निघणाऱ्याला आपल्या स्थानिक समूहाबाहेर जवळपास काहीच गाठता येणार नाही. गुरुत्वाने बांधलेल्या या समूहात आकाशगंगा, देवयानी, त्रिकोणातली एम३३, मॅजेलनचे मेघ आणि डझनावारी बुटक्या दीर्घिका आहेत. पसारा सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांचा. डार्क एनर्जी आज वाटते तशीच कायम राहिली, तर त्या काळातल्या प्रवाशांना एवढ्यावरच भागवावं लागेल.