मौन (कॅथलिक उपासनेतील)

मिस्सा (भाकर व द्राक्षरस यांच्या अर्पणाची मुख्य उपासना), साक्रमेंताची (पवित्र झालेल्या भाकरीची) आराधना आणि खाजगी प्रार्थना यांत ठरलेल्या जागी पाळायची निःशब्दता. मौनव्रत एकट्याने घेतात आणि त्यात बोलण्याचा त्याग असतो. मिस्सेतले मौन सगळी मंडळी मिळून पाळते आणि ते ऐकण्यासाठी असते. त्यामुळे गायन-वाचनाप्रमाणेच तेही उपासनेचे अंग मानतात.

बायबलमधील आधार : होरेब डोंगरावर एलीयाला देव वाऱ्यात, भूकंपात वा अग्नीत भेटला नाही, त्यानंतरच्या मंद नादात भेटला (१ राजे १९). स्तोत्र ६५ च्या आरंभीच्या ‘दुमिय्या’ या हिब्रू शब्दाबद्दल मात्र मतभेद आहेत. प्रचलित हिब्रू पाठातून ‘तुझ्यासाठी मौन हीच स्तुती’ असा अर्थ निघतो. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘तुला स्तुती शोभते’ असे आहे. बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोमने हिब्रूवरून केलेल्या लॅटिन भाषांतरात मौन राखले. प्रार्थनेच्या परंपरेला तोच अर्थ अधिक मानवतो.

मूक कॅनन (मिस्सेतली मध्यवर्ती अर्पणप्रार्थना मूकपणे म्हणणे) : मौनाच्या इतिहासात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते : धर्मगुरूने हलक्या आवाजात म्हटलेली प्रार्थना आणि सर्वांचे मौन. पहिली प्रथा पूर्वेकडे आधी दिसते. नर्साई या सिरियाक कवीच्या (मृत्यू सु. ५०२) प्रवचनांवरून पाचव्या शतकाच्या अखेरीस तिचा काही अंश रूढ होता, असे उपासनेचा इतिहासकार एडमंड बिशपने १९०९ मध्ये दाखवले. ती बरीच पसरली असावी, कारण सम्राट जस्टिनियनने ५६५ च्या सुमारास अर्पणाच्या प्रार्थना लोकांना ऐकू येतील अशा म्हणाव्यात, असा कायदा केला. पश्चिमेकडे रोमन विधीच्या फ्रँकिश (फ्रँक लोकांच्या राज्यातील) संस्करणांत, बहुधा आठव्या शतकात, कॅनन मूकपणे म्हणण्याचा उल्लेख येतो. कारणांविषयी एकवाक्यता नाही. पवित्र शब्दांचा अवमान टळावा, हे कारण मध्ययुगीन भाष्यकार देत. त्यासाठी योहान मोस्खस या संन्याशाने लिहिलेली कथा सांगितली जाई : सिरियातील अपामियाजवळ गुरे राखणाऱ्या मुलांनी खेळात दगडाची वेदी मांडून ऐकीव शब्द म्हटले, तेव्हा आकाशातून अग्नी पडला. कॅननच्या आधीच्या ‘सांक्तुस’ (‘पवित्र, पवित्र’) या स्तुतीचे गायन लांबत गेल्याने धर्मगुरू मधल्या वेळात पुढची प्रार्थना हळूच म्हणू लागला, हे स्पष्टीकरण साधे आहे आणि म्हणूनच अधिक पटते. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने १५६२ मध्ये या प्रथेला संरक्षण दिले; कॅनन मोठ्याने म्हणण्याची मुभा १९६७ मध्ये मिळाली.

सांप्रतचा विधी : दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने (परिच्छेद ३०) योग्य वेळी सर्वांनी मौन पाळावे, असे सांगितले. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत (परिच्छेद ४५) त्याच्या जागा दिल्या आहेत : पापकबुलीच्या वेळी, ‘आपण प्रार्थना करू या’ या शब्दांनंतर, वाचन व प्रवचन झाल्यावर आणि ख्रिस्तशरीर (पवित्र झालेली भाकर) स्वीकारल्यावर. यांतली दुसरी जागा सर्वांत मोलाची आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षितही. धर्मगुरू थांबतो, प्रत्येकजण आपले मागणे मनात आणतो, मग ती सारी मागणी एकत्र करून तो हात पसरून प्रार्थना म्हणतो. तिचे लॅटिन नाव ‘कोलेक्ता’ यावरूनच आले, असे मानतात. थांबलेच नाही, तर गोळा करायला काही उरत नाही. उत्तम शुक्रवारी (ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणदिनी) विधीचा आरंभच मौनाने होतो; धर्मगुरू आच्छादन काढलेल्या वेदीपुढे पालथा पडतो आणि मंडळी गुडघे टेकते.

मठवासी परंपरा : संत बेनेडिक्ट या मठसंस्थापकाच्या सहाव्या शतकातील नियमावलीत सहावा अध्याय मितभाषणावर आहे, बेचाळिसाव्यात रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर बोलण्यास मनाई आहे.

सोलापूर : हा जिल्हा पुणे धर्मप्रांतात (स्थापना १८८६) मोडतो. येथे अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे काम जुने असल्याने ख्रिस्ती उपासना म्हटली की अनेकांना प्रवचन आणि गायन आठवते. पंढरीचे टाळ-मृदंग आणि सिद्धेश्वर यात्रेतला ‘हर्र बोला हर्र’चा गजर ज्या कानांना सवयीचे, त्यांना मिस्सेतला थांबा प्रथम अडखळल्यासारखा वाटू शकतो. उन्हाळ्यात तर त्या थांब्यात पंख्यांची घरघर आणि बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न तेवढे ऐकू येतात. पण या शहरात घरची भाषा कुणाची मराठी, कुणाची तेलुगू, कुणाची कन्नड. मिस्सा कोणत्याही भाषेत असो, ख्रिस्तशरीर घेऊन बाकावर परतल्यावरची दोन मिनिटे प्रत्येकाला आपल्या घरच्या भाषेत प्रार्थना करता येते.